उलटपावलांचे इंग्रजी

इंग्रजी रहस्यकथेत पाठलागाचा प्रसंग आला की एक छोटेसे वाक्य हमखास भेटते: ‘ही डबल्ड बॅक.’ पुढे चाललेला माणूस मध्येच वळतो, ज्या वाटेने आला त्याच वाटेने उलट निघतो आणि त्याच्या मागावरचे लोक पुढे धावत राहतात. यातले दोन्ही शब्द मराठी वाचकाच्या रोजच्या परिचयाचे आहेत. ‘डबल’ तर मराठीच होऊन गेला आहे. डबल सीट, डबल भाडे, डबल पाळी असे आपण सहज बोलतो. ‘बॅक’ही कुणाला परका वाटत नाही. तरीही हे दोन शब्द शेजारी आले की वाचक थबकतो. दुप्पट मागे? दोनदा मागे? शब्दकोशात ‘डबल’ पाहावे तर दुप्पट, दुहेरी, जोडी. ‘बॅक’ पाहावे तर पाठ, मागे, परत. या अर्थांची कशीही बेरीज केली तरी ‘आल्या वाटेने माघारी वळणे’ हाती लागत नाही.

क्रियापद आणि त्याच्यामागून येणारा एक लहान शब्द मिळून जेव्हा असा वेगळाच अर्थ तयार होतो, तेव्हा त्या जोडीला इंग्रजी व्याकरणात ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. शाळेत इंग्रजी चांगले आलेला, पदवीपर्यंत इंग्रजीतून शिकलेला, वर्तमानपत्राचा अग्रलेख अडखळल्याशिवाय वाचणारा मराठी माणूस नेमका इथे अडतो. पुस्तकी इंग्रजी त्याला जमते, घरगुती इंग्रजी अवघड जाते. हे पुस्तक त्या अडचणीविषयी आहे. ती सोडवण्याची साधने मराठीतच आहेत, असे माझे ठाम मत आहे आणि सारे पुस्तक त्या मतावर उभे आहे.

‘डबल बॅक’पासूनच सुरुवात करू, कारण या एका जोडीत सगळ्या विषयाचा नकाशा दिसतो. इंग्रजीत ‘डबल’चा एक जुना अर्थ घडी घालणे असा आहे. कागद दुमडला की त्याचे एक टोक दुसऱ्या टोकावर येते. वाट दुमडली तर? जाण्याची रेघ आणि येण्याची रेघ एकमेकींवर पडतात. दुमडणे, दुहेरी, दुपदरी हे आपलेच शब्द पाहिले की दोन या संख्येचे आणि घडीचे नाते मराठीलाही ठाऊक असल्याचे लक्षात येते. मग ‘डबल बॅक’ म्हणजे वाटेची घडी घालून मागे येणे. इतके कळले की हा अर्थ पाठ करावा लागत नाही.

या घडीला शिकारीचीही पार्श्वभूमी आहे. शिकारी कुत्रे वासावर माग काढतात. ससा नुसता सरळ पळत सुटला तर त्याचा माग सहज लागतो. म्हणून तो एकाएकी उलटा वळतो, आपल्याच वाटेने काही अंतर मागे येतो आणि मग बाजूला लांब उडी घेतो. एकाच पट्ट्यावर जाण्याचा वास आणि येण्याचा वास मिसळतो, कुत्रे घोटाळतात. सशाच्या या उलट वळण्याला इंग्रजी शिकाऱ्यांच्या बोलीत ‘डबल’ म्हणत. शेक्सपिअरच्या १५९३ सालच्या ‘व्हीनस अँड अडोनिस’ या काव्यात जीव वाचवणाऱ्या सशाच्या अशा वळणांचे वर्णन आहे. आजच्या वापरात शिकार उरलेली नाही, पण तिची खूण उरली आहे: ‘डबल बॅक’मध्ये वळणे अचानक असते, आणि बऱ्याचदा त्यामागे हुलकावणीचा हेतू असतो किंवा वाट चुकल्याची जाणीव.

म्हणूनच ‘टर्न बॅक’, ‘गो बॅक’ आणि ‘डबल बॅक’ यांची अदलाबदल करता येत नाही. हरिश्चंद्रगडाला नळीच्या वाटेने निघालेल्या मंडळींची कल्पना करा. पाऊस वाढला आणि त्यांनी बेत सोडून अर्ध्यातून घर गाठले, तर ‘दे टर्न्ड बॅक’. भलत्याच ओढ्यात शिरल्याचे ध्यानात आले, आधीच्या फाट्यापर्यंत मागे येऊन त्यांनी योग्य वाट धरली, तर ‘दे डबल्ड बॅक’. माथा गाठून दुसऱ्या दिवशी आपापल्या घरी परतले, तर ‘दे वेन्ट बॅक’. त्यात कोणत्या वाटेने गेले याची चौकशी नाही. पहिल्यात प्रवास मोडतो, दुसऱ्यात प्रवास दुरुस्त होतो, तिसऱ्यात तो पुरा होतो. मराठीत भाषांतर करताना तर आणखी सावध राहावे लागते. ‘आल्या पावली परतणे’ यात काम न होता किंवा क्षणभरही न टेकता परतल्याची छटा आहे, ‘माघार घेणे’ यात हार आहे, ‘घूमजाव’ आता भूमिका बदलणाऱ्या पुढाऱ्यांसाठी राखून ठेवल्यासारखा झाला आहे. ‘वाटेतून मागे वळणे’ हे त्यातल्या त्यात जवळचे. पण कादंबरीत वाक्याचा झोक पाहूनच शब्द ठरवावा लागेल.

वळणारा नेहमी माणूस किंवा प्राणीच असतो असेही नाही. रस्ता, नदी, लोहमार्ग हेही ‘डबल बॅक’ होतात. तेव्हा मागे बहुधा ‘ऑन इटसेल्फ’ जोडले जाते. घाटातला रस्ता एका वळणावर स्वतःच्याच वर समांतर येतो, त्याला हेच क्रियापद लागते. बोरघाटाचा मूळ रेल्वेमार्ग १८६३मध्ये सुरू झाला तेव्हा खंडाळ्याजवळ एक रिव्हर्सिंग स्टेशन होते: गाडी टोकाला जाऊन थांबे, इंजिन दुसऱ्या बाजूला जोडले जाई आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढे. त्या मार्गाचे इंग्रजीत वर्णन करायला ‘डबल बॅक’इतके नेमके क्रियापद नाही.

आता ‘डबल’ तसेच ठेवून मागचा शब्द बदलू. ‘डबल अप’ म्हणजे पोटातल्या कळेने किंवा हसून हसून वाकून जाणे, आणि दोघांनी एक खोली वाटून घेणेही. ‘डबल ओव्हर’ हेही वाकणेच. ‘डबल डाउन’ आले ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळातून. तिथे खेळणारा आपली बोली दुप्पट करतो आणि त्या बदल्यात एकच पान घेतो. आज राजकीय बातम्यांत त्याचा अर्थ टीका झाली तरी भूमिका आणखी ताठर करणे असा होतो. म्हणजे पुढाऱ्याने शब्द फिरवला तर तो ‘बॅकट्रॅक’ करतो आणि अडून बसला तर ‘डबल डाउन’. एकाच ‘डबल’ला ‘बॅक’ लागले तर पावले उलटतात, ‘डाउन’ लागले तर ती रुततात. अर्थाचे सुकाणू मागच्या लहान शब्दाकडे आहे, हे इथे उघड दिसते.

या लहान शब्दाला इंग्रजीत ‘पार्टिकल’ म्हणतात. मराठीत ‘अव्यय’ म्हटले तर फार व्यापक होते, ‘शब्दयोगी अव्यय’ म्हटले तर निम्मेच खरे ठरते. अप, डाउन, इन, आउट, ऑन, ऑफ, ओव्हर, बॅक, अवे, थ्रू ही मंडळी मुळात दिशा आणि जागा सांगणारी. म्हणून या पुस्तकात मी त्यांना ‘दिशाशब्द’ म्हटले आहे.

दिशाशब्द आणि साधे प्रेपोझिशन दिसायला सारखे असले तरी वागायला वेगळे. ‘टर्न डाउन द ऑफर’ चालते, ‘टर्न द ऑफर डाउन’ही चालते, पण कर्माच्या जागी सर्वनाम आले की ‘टर्न इट डाउन’ एवढेच चालते. उलट ‘लुक आफ्टर हिम’मधले ‘हिम’ मध्ये सरकत नाही. उच्चारातही फरक आहे: खऱ्या फ्रेझल व्हर्बमध्ये दिशाशब्दावर जोर पडतो, प्रेपोझिशन हळूच उच्चारले जाते. आणि तीन शब्दांचीही जोडणी असते, जसे ‘पुट अप विथ’, म्हणजे सहन करणे. ‘डबल बॅक’ला मागे वळण्याच्या अर्थाने कर्मच नसल्यामुळे ही मधे शिरण्याची भानगड तिथे नाही.

ही रचना इंग्रजीत आली कशी? जुन्या इंग्रजीत संस्कृतासारखे क्रियापदाच्या आधी उपसर्ग लागत. ‘विथस्टँड’, ‘अंडरस्टँड’, ‘फर्गिव्ह’ हे त्या पद्धतीचे उरलेले साक्षीदार. पुढे अनेक उपसर्ग झिजले, शब्दक्रम बदलत गेला आणि दिशा सांगण्याचे काम क्रियापदाच्या मागे उभ्या राहणाऱ्या शब्दांनी उचलले. इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेत अशी मागून येणारी पदे मुबलक होती. तिचाही या बदलाला हातभार लागला असे पुष्कळ अभ्यासक मानतात. पीटरबरो क्रॉनिकलमध्ये ११३७ सालच्या नोंदीत राजा स्टीफनने बड्या धर्माधिकाऱ्यांना कैदेत टाकून त्यांचे किल्ले आपल्या स्वाधीन करायला लावले असे सांगितले आहे, आणि ते स्वाधीन करणे तिथे ‘गिव्ह अप’च्या जुन्या रूपाने आले आहे. आजचे ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे, ते त्या किल्ल्यांचेच वंशज.

१०६६च्या नॉर्मन विजयानंतर इंग्रजीत फ्रेंच आणि लॅटिन शब्दांचा लोंढा आला आणि भाषेत दोन मजले तयार झाले. वरच्या मजल्यावर एंटर, रिटर्न, कंटिन्यू, एक्स्टिंग्विश, पोस्टपोन, टॉलरेट. खालच्या मजल्यावर गो इन, गो बॅक, गो ऑन, पुट आउट, पुट ऑफ, पुट अप विथ. न्यायालय, चर्च आणि विद्यापीठ वर राहिले. घर, शेत आणि बाजार खाली. आपल्याला इंग्रजी मिळाले ते वरच्या मजल्यावरून. कचेरीचा मसुदा, कायद्याचे पुस्तक, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि परीक्षेचा निबंध यांतून आलेल्या माणसाला ‘पोस्टपोन’ जवळचे वाटते, ‘पुट ऑफ’ परके. इतके जवळचे, की त्याच्या उलट अर्थाने ‘प्रीपोन’ हा शब्द भारतीय इंग्रजीत रूढ झाला. ‘प्रीपोन’ची टिंगल मला पटत नाही; तो नियमाला धरून झालेला, गरजेचा शब्द आहे. मात्र जिथे लॅटिन साचा हाताशी आहे तिथेच आपण इंग्रजीत धीटपणे नवे काही करतो, हेही त्यातून दिसते.

खालच्या मजल्याची अडचण इंग्रजांना फार पूर्वी दिसली होती. सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत क्रियापदाला मागून जोडल्या जाणाऱ्या शब्दांचा स्वतंत्र उल्लेख केला आणि परकीयांना सर्वांत अवघड जाणारी गोष्ट हीच असल्याचे लिहिले. ‘सेट आउट’, ‘टेक ऑफ’ यांसारख्या जोड्या त्याने उदाहरणादाखल दिल्या. तरीही या प्रकाराला सर्वमान्य नाव मिळायला विसावे शतक उजाडावे लागले. आर्थर केनेडी यांनी १९२०मध्ये या जोड्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास प्रसिद्ध केला. १९२५मध्ये लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी ‘वर्ड्स अँड इडियम्स’मध्ये ‘फ्रेझल व्हर्ब’ ही संज्ञा वापरली आणि ती ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचे सांगितले.

त्यानंतरच्या अभ्यासाला ठळक असे काही प्रवाह आहेत. वैयाकरणांचा भर ‘फ्रेझल व्हर्ब कशाला म्हणायचे’ यावर राहिला. ड्वाइट बोलिंजर यांचे १९७१चे पुस्तक त्यातले सगळ्यांत वाचनीय. नियमांच्या कडेवर राहणाऱ्या उदाहरणांवर त्यांचे विशेष प्रेम होते. क्वर्क, ग्रीनबाउम, लीच आणि स्वार्टविक यांच्या १९८५च्या महाव्याकरणाने वर्गवारी पक्की केली, आणि आज शाळेच्या पुस्तकांत उतरली आहे ती बहुतांशी तीच. वर्गवारी उपयोगी आहे, पण नवख्याला ती अर्थापर्यंत नेत नाही.

दुसरा प्रवाह कोशकारांचा. १९७४-७५च्या सुमारास इंग्लंडात या जोड्यांचे स्वतंत्र कोश निघाले. मोठी उडी घेतली ती बर्मिंगहॅममध्ये जॉन सिंक्लेअर यांच्या गटाने. लोक प्रत्यक्षात काय लिहितात आणि बोलतात ते संगणकावर गोळा करून त्यांनी कोश रचले, आणि १९८९च्या कोबिल्ड फ्रेझल व्हर्ब कोशाच्या शेवटी दिशाशब्दांची सूची दिली. ‘अप’खाली त्याच्या अर्थांचे गट, ‘ऑफ’खाली त्याचे. क्रियापदाऐवजी दिशाशब्दाच्या बाजूने कोशात शिरण्याची ही सोय माझ्या दृष्टीने गेल्या शतकातली या क्षेत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. पुढे गार्डनर आणि डेव्हिस यांनी २००७मध्ये ब्रिटिश नॅशनल कॉर्पसची मोजदाद करून दाखवले की अवघी २० क्रियापदे ८ दिशाशब्दांशी जोडली जाऊन तिथल्या निम्म्याहून अधिक फ्रेझल व्हर्ब बनतात. विद्यार्थ्याला धीर देणारी ही बातमी आहे. पण तिला दुसरी बाजू आहे. सर्वाधिक वापरातल्या १०० जोड्यांना सरासरी ५हून अधिक अर्थ आहेत. ‘टेक ऑफ’ म्हणजे विमानाने उडणे, कपडे उतरवणे, नक्कल करणे, सुटी घेणे आणि धंदा जोरात चालू लागणे.

इथे मूळ प्रश्न उभा राहतो. दिशाशब्दाला स्वतःचा अर्थ असतो का, की जोडी पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही? हा प्रश्न विसाव्या शतकाचा नाही आणि इंग्लंडचाही नाही. यास्काच्या ‘निरुक्ता’त उपसर्गांविषयीचा हाच वाद नोंदला आहे. शाकटायनाचे म्हणणे असे की सुटे काढलेले उपसर्ग स्वतंत्रपणे अर्थ सांगत नाहीत, ते नाम आणि आख्यात (क्रियापद) यांच्या अर्थाचे द्योतन करतात. गार्ग्याच्या मते उपसर्गांना निरनिराळे अर्थ असतातच, आणि ते अर्थ यास्क पुढे एकेका उपसर्गासाठी देतोही. ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, संहार, प्रहार, परिहार कसे होतात हे आपल्याकडे संस्कृतच्या पहिल्या वर्षाला सांगतात. त्याहून थेट नाते पाणिनीत सापडते. उपसर्ग धातूच्या आधी येतात असे सांगून तो लगेच दोन सूत्रांत नोंदवतो की वेदात ते धातूच्या नंतरही येतात आणि मध्ये दुसरे शब्द घालून तोडलेलेही असतात. ‘टर्न इट डाउन’ पाहून चकित होणाऱ्या विद्यार्थ्याला मी आधी अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायातली ही सूत्रे सांगेन. क्रियापदापासून सुटलेला, तरीही त्याच्याशी अर्थाने बांधलेला शब्द ही आपल्या व्याकरणाला नवी गोष्ट नाही.

गार्ग्याची बाजू १९८०नंतर नव्या जोमाने पुढे आली. लेकॉफ आणि जॉन्सन यांच्या ‘मेटाफर्स वी लिव्ह बाय’ने अमूर्त विचार अवकाशाच्या अनुभवावर उभे असतात हे पटवून दिले, आणि सुझन लिंडनर यांनी १९८१च्या प्रबंधात ‘अप’ आणि ‘आउट’ यांचे अर्थ एकमेकांत कसे गुंतले आहेत ते तपासले. दिवे ‘गो आउट’ होतात म्हणजे विझतात, तारे ‘कम आउट’ होतात म्हणजे दिसू लागतात. ‘आउट’ एकच, मग एकात नाहीसे होणे आणि दुसऱ्यात प्रकट होणे कसे? पाहणारा सीमेच्या आत उभा असेल तर बाहेर गेलेली गोष्ट दिसेनाशी होते. तो बाहेर असेल तर तीच गोष्ट समोर येते. ही उकल वाचताना मला आजही आनंद होतो. तरी तिच्या मर्यादा मान्य केल्या पाहिजेत. फॉर्म ब्रिटनमध्ये बहुधा ‘फिल इन’ करतात आणि अमेरिकेत ‘फिल आउट’, पण अर्थ एकच. ‘स्लो अप’ आणि ‘स्लो डाउन’ दोन्ही म्हणजे वेग कमी करणे. चित्र समजले तरी काही भाग रूढीचा राहतो आणि तो वाचनातूनच अंगवळणी पडतो.

शिकणाऱ्यांवरचे संशोधन आपल्यासाठी जिव्हाळ्याचे आहे. डगट आणि लॉफर यांना १९८५मध्ये आढळले की हिब्रू मातृभाषेचे विद्यार्थी फ्रेझल व्हर्ब टाळून एकशब्दी क्रियापदाकडे वळतात, कारण हिब्रूत अशी रचना नाही. १९८९मध्ये हुलस्टाइन आणि मार्केना यांनी डच विद्यार्थ्यांची चाचणी घेतली. डच भाषेत अशी रचना आहे, त्यामुळे ते सरसकट टाळत नव्हते. पण डचशी फारच मिळत्याजुळत्या, लाक्षणिक जोड्या मात्र चूक होईल या संशयाने टाळत होते. म्हणजे घरात रचना नसली तरी अडचण आणि असली तरी शंका.

मराठी यात कुठे बसते? लेनर्ड टाल्मी यांनी भाषांचे दोन कल दाखवले. काही भाषा गतीचा मार्ग क्रियापदातच भरतात, काही तो क्रियापदाबाहेरच्या शब्दावर सोपवतात. इंग्रजी दुसऱ्या प्रकारची: गो इन, गो आउट, गो अप, गो डाउन, गो बॅक. मराठी या पाचांसाठी पाच क्रियापदे काढते: शिरणे, निघणे, चढणे, उतरणे, परतणे. त्यामुळे मराठी कानाला सवय आहे ती दिशा क्रियापदात शोधण्याची. इंग्रजी वाक्यात तो ‘गो’, ‘टर्न’, ‘डबल’ यांना धरून बसतो आणि मागचा ‘बॅक’ त्याला शोभेचा वाटतो. कधी उलटेही होते. ‘रिटर्न’मध्ये परत येणे असूनही आपण ‘रिटर्न बॅक’ म्हणतो, ‘रिव्हर्ट बॅक’ लिहितो. यातही मराठीचा हात आहे: ‘परत येणे’, ‘परत देणे’ यांतला ‘परत’ वेगळा लागतो, तसा तो इंग्रजीतही हवा असे वाटते. शिवाय मराठी ‘परत’ला ‘पुन्हा’ असाही अर्थ आहे, जो ‘बॅक’ला नाही. ‘कॉल बॅक’ म्हणजे आलेल्या फोनला उलट फोन करणे. नुसता पुन्हा फोन करणे म्हणजे ‘कॉल अगेन’.

पण मराठीकडे दुसरे एक भांडवल आहे, आणि त्याचा उपयोग इंग्रजी शिकवताना आपण आजवर फारसा केलेला नाही. आपली संयुक्त क्रियापदे पाहा. खाऊन टाक, खाऊन घे, खाऊन बघ, खाऊन ठेव. इथे कुणी काही टाकत नाही आणि ठेवत नाही. ‘टाक’ म्हणजे संपव, ‘घे’ म्हणजे स्वतःसाठी उरकून घे, ‘बघ’ म्हणजे करून पाहा, ‘ठेव’ म्हणजे पुढची तजवीज. तो बोलून गेला, तो बोलून बसला, त्याने बोलून टाकले, त्याने बोलून दाखवले: चार वाक्यांत चार माणसे दिसतात. एकाच्या तोंडून निसटले, दुसऱ्याला आता पस्तावा आहे, तिसऱ्याच्या मनावरचे ओझे उतरले, चौथ्याने धाडस केले. मोरो केशव दामले यांनी १९११च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त संयुक्त क्रियापदांचा खोलात जाऊन विचार केला आहे. घरात वाढलेल्या सहा वर्षांच्या मुलालाही ही यंत्रणा न शिकवता येते. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपव, ‘ब्लर्ट आउट’ म्हणजे बोलून जाणे. मूळ क्रिया एका शब्दात आणि तिचा कल दुसऱ्या, स्वतःचा जुना अर्थ बाजूला ठेवलेल्या शब्दात, ही मांडणी दोन्ही भाषांत आहे. फरक एवढाच की आपण त्या जागी क्रियापद ठेवतो आणि इंग्रजी दिशाशब्द.

इंग्रजी फ्रेझल व्हर्ब मराठीत शिरतात ते कसे, यातूनही पुष्कळ कळते. चेकअप, बॅकअप, फॉलोअप, पिकअप, ब्रेकअप, स्टार्टअप, कटऑफ, लॉकडाउन, वर्कआउट. हे सारे नामरूपाने आले आणि ‘करणे’, ‘घेणे’, ‘होणे’ यांच्या हाती गेले. ‘फॉलोअप घ्या’, ‘बॅकअप केला का?’ ही अस्सल मराठी वाक्ये आहेत. क्रियापदाचे सुटे तुकडे मात्र आपण घेतले नाहीत, कारण त्यांना ठेवायला आपल्या वाक्यात जागा नाही. काही जोड्यांचा अर्थ येताना बदललाही. कॉलेजातून ‘पास आउट’ होणे भारतात म्हणजे शिक्षण पूर्ण करणे; खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतले छात्र पासिंग आउट परेड करतात, तो लष्करी वापर ब्रिटिशांचाच. पण लंडनच्या रस्त्यावर कुणी ‘पास आउट’ झाले तर लोक रुग्णवाहिका बोलावतात.

हे शिकण्याची निकड आता वाढली आहे. परदेशी रुग्णालयांत काम करायला जाणारे मराठी डॉक्टर आणि परिचारिका वैद्यकीय इंग्रजीत तरबेज असतात. पण रुग्ण वैद्यकीय इंग्रजी बोलत नाही. तो ‘थ्रो अप’ म्हणतो, ‘पास आउट’ म्हणतो, गुडघा ‘प्लेइंग अप’ आहे म्हणतो, वेदनेने ‘डबल्ड अप’ झालो म्हणतो. शुद्धीवर येणे ‘कम राउंड’, आजारी पडू लागणे ‘कम डाउन विथ’. हे ऐकताना क्षणभर अडखळणे तिथे महागात पडू शकते. हवाई वाहतुकीत ‘गो अराउंड’ म्हणजे उतरणे रद्द करून पुन्हा वर चढणे, आणि ‘बॅकट्रॅक’ म्हणजे धावपट्टीवरच उलट दिशेने विमान नेणे. ज्या विमानतळावर समांतर टॅक्सीमार्ग नाही तिथे ही सूचना नेहमीची. संगणकाच्या विद्यार्थ्याला ‘बॅकट्रॅकिंग’ भेटते आठ वजिरांच्या कोड्यात: पुढे वाट बंद झाली की शेवटच्या निर्णयापर्यंत मागे येऊन दुसरा पर्याय धरायचा. कंपन्यांच्या बैठकांत ‘लेट्स सर्कल बॅक’ म्हणजे हा विषय नंतर घेऊ. आणि भाषांतरकार, उपशीर्षके लिहिणारे, न्यायालयातले दुभाषे यांना तर दिवसभर हेच काम.

आता या पुस्तकाविषयी. हा कोश नाही. कोश चांगले उपलब्ध आहेत आणि फोनवरही मिळतात. त्यात भर घालण्याचा विचार नव्हता. इथे मांडणी दिशाशब्दांनुसार आहे. सुरुवात ‘बॅक’पासून केली, कारण परतणे, उत्तर देणे, आवरून धरणे, शब्द मागे घेणे आणि भूतकाळात जाणे हे त्याचे सगळे अर्थ मराठीतल्या मागे, माघारी, परत, उलट या शब्दांशी ताडून पाहता येतात आणि जुळतात तिथे व जुळत नाहीत तिथेही काहीतरी शिकवतात. प्रत्येक दिशाशब्दाचे मूळ अवकाशचित्र आधी, मग त्यातून फुटलेले अर्थ, मग रूढीने आलेले आणि चित्रात न बसणारे अर्थ, असा क्रम ठेवला आहे. न बसणाऱ्यांना ओढून-ताणून बसवलेले नाही.

उदाहरणवाक्ये लहान आहेत आणि इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली आहेत, म्हणजे दिशाशब्दावरचा जोर वाचतानाच कानात बसेल. शेजारी मराठी संयुक्त क्रियापद जिथे खरोखर जवळचे आहे तिथेच दिले आहे. भारतीय इंग्रजीतल्या वापरांना, मग ते ‘पास आउट’ असो वा ‘रिव्हर्ट बॅक’, चुकांच्या यादीत टाकलेले नाही. कुठे चालेल आणि कुठे गैरसमज होईल एवढे प्रत्येक ठिकाणी नोंदले आहे. अभ्यासपाठ घातले आहेत, पण त्यांत ‘गाळलेल्या जागा भरा’ नाही. छोटे उतारे आहेत आणि वाचकाने तेच उतारे आपल्या मराठीत सांगायचे आहेत, दोन-तीन पर्याय करून आणि त्यांतला फरक स्वतःशी बोलून. शिक्षकांनी वर्गात वापरायचे ठरवले तर उतारा मोठ्याने वाचून सुरुवात करावी. डोळ्यांना जो शब्द किरकोळ वाटतो तो कानाला लगेच सापडतो. पहिला उतारा एका माणसाचा आहे. तो पुलापाशी पोचतो, थांबतो, आणि मागे वळतो. तीन वाक्यांत तीन निरनिराळी क्रियापदे ठेवली आहेत. तो कुठे निघाला होता आणि का वळला, ते त्या क्रियापदांवरून ओळखायचे आहे.